चौऱ्याण्णवचा आकडा

स्पीड टेस्टचा आकडा ९४ होता. तीन वेळा मोजला, तिन्ही वेळा तोच. चौथ्यांदा ९३.८ आला, एवढाच काय तो बदल. शनिवारची दुपार, दुसऱ्या मजल्यावरची एका आर्किटेक्टची कचेरी, अर्धे दिवे बंद, टेबलांवर नकाशांच्या सुरळ्या, आणि वर फॉल्स सीलिंगच्या एका चौकोनात आदल्या दिवशी बसवलेला वाय-फाय देणारा नवाकोरा अ‍ॅक्सेस पॉइंट: पांढरा, चपटा, थाळीएवढा. सीलिंगच्या पाटीचा भुगा खालच्या कीबोर्डवर अजून तसाच पडलेला. खोक्यावर छापलेला वेग हजारांत, इंटरनेटचं कनेक्शन ३०० एमबीपीएसचं, आणि बरोबर त्याच्याखाली उभं राहून मोजलं तरी ९४. ‘नेटच स्लो आहे’ असं एकजण म्हणाला, ‘भिंती जाड आहेत’ असं दुसरा. शिडीवरून उतरलेल्या केबलिंगवाल्याने हात पुसत निकाल देऊन टाकला, “केबल जुनी झालीय साहेब. पंधरा वर्षं झाली. सगळी काढून कॅट सिक्स-एची नवी केबल टाकून घ्या.”

जुनी झालीय.

हे वाक्य दर दुसऱ्या कचेरीत ऐकू येतं, आणि दर वेळी खटकतं. तांबं जुनं होतं म्हणजे नेमकं काय होतं? पणजीच्या वेळचा बंब माळ्यावरून काढून चिंच-मीठ लावून घासला, की तासाभरात नव्यासारखा लखलखतो. केबलमधल्या तांब्याला तर हवाही लागत नाही, प्लास्टिकच्या आवरणात ते बसलेलं असतं. आवरण उन्हात कडक होतं, उंदीर ते कुरतडतात, गळक्या भिंतीतलं पाणी आत झिरपतं, हे सगळं खरं. पण अशा जखमी तारेचा वेग डगमगतो. सकाळी १८०, दुपारी ६०, मध्येच तुटलं, परत जोडलं, असा. ९४ चा आकडा मात्र गवंड्याच्या ओळंब्यासारखा स्थिर होता. तो थकलेल्या तारेचा आकडा नव्हेच. तो हिशेबाचा आकडा आहे.

हिशेब असा. इथरनेटच्या तारेवरून माहिती पाकिटांतून जाते आणि प्रत्येक पाकिटाला बांधाबांध लागते. आत १,५०० बाइट बसतात; त्यातले पत्ते-शिक्क्यांत ५२ गेले की खरा माल १,४४८. बाहेरून वेष्टन, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधली सक्तीची विश्रांती मिळून आणखी ३८. म्हणजे तारेवर १,५३८ बाइटांची जागा अडते तेव्हा पलीकडे १,४४८ पोचतात: शेकडा चौऱ्याण्णव. म्हणून १०० एमबीपीएसच्या तारेवर जास्तीत जास्त ९४ दिसतात, गिगाबिटच्या म्हणजे १,००० च्या तारेवर ९४१, अडीच गिगाबिटच्या तारेवर २,३५०. स्पीड टेस्टला यांपैकी एखादा आकडा न हलता दिसला, तर वाय-फाय, भिंती, इंटरनेट कंपनी या सगळ्यांना बाजूला ठेवावं आणि सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या स्विचकडे जाऊन, ती केबल खोचलेल्या पोर्टचा दिवा बघावा. कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे कंपनीगणिक बदलतं, पण शेजारच्या पोर्टपेक्षा वेगळा रंग दिसला तरी पुरे. इथे तेवीस दिवे हिरवे होते आणि एक पिवळा.

मग प्रश्न उरतो की दोन्ही टोकांना गिगाबिट येत असताना मधली तार १०० वर का अडली. लॅन केबलमध्ये पिळलेल्या चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १९९५ च्या १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच पुरत, नारिंगी आणि हिरवी. १९९९ साली आलेल्या गिगाबिटला चारही लागतात. गंमत अशी की ‘तू किती वेगाने बोलणार’ ही सुरुवातीची बोलणी याच दोन जुन्या जोड्यांवरून होतात. स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट एकमेकांना सांगतात, मला गिगाबिट येतं, मलाही येतं, ठरलं. मग चारही जोड्यांवर सुरुवात करायला जातात तो निळ्या आणि तपकिरीवर पलीकडे कुणीच नाही. दोन-चार प्रयत्न फसल्यावर समजूतदार चिप निमूटपणे १०० वर उतरते. तक्रार नाही, लाल दिवा नाही. आणि स्विचमधून याच केबलवरून येणारी वीज, म्हणजे पीओई? तीही बहुतेक वेळा त्याच नारिंगी-हिरव्यावरून येते. त्यामुळे अ‍ॅक्सेस पॉइंट झोकात पेटतो, आणि खाली उभा असलेला प्रत्येकजण म्हणतो, वीज येतेय म्हणजे केबल ठीक आहे.

दोन स्क्रू काढले आणि केबल जिथे संपते त्या पेटीचं झाकण बाजूला केलं. आत जुन्या रंगाचा आणि धुळीचा वास. जॅकच्या पाठीवर नारिंगी आणि हिरवी जोडी नीट पंच करून, म्हणजे खाचेत दाबून, बसवलेली. तपकिरी आवरणापाशीच कापून मागे दुमडलेली, तिची टोकं काळपट. निळी मात्र कापलेली नव्हती. तिला दोन बारीक पांढऱ्या तारा पिळून जोडलेल्या, वर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे, टेपचा डिंक उन्हाळ्यांनी वितळून चिकट झालेला, आणि त्या पांढऱ्या तारा केसिंग-कॅपिंगच्या पट्टीत शिरून कुठेतरी गेलेल्या. स्विच ठेवलेल्या रॅकच्या टोकालाही तसंच. भिंतीतल्या केबली येऊन बसतात त्या पॅच पॅनलवर चारच तारा बसवलेल्या, निळी बाजूला निघून टेलिफोनच्या तारा जोडायच्या क्रोनपट्टीकडे गेलेली.

याला हसू नये. ज्याने हे केलं त्याला काम कळत होतं. एक काळ असा होता की केबलचा मीटर मोजून घ्यायचा, कॉम्प्युटरला दोन जोड्या लागायच्या आणि उरलेल्या दोन वाया घालवणं म्हणजे माज वाटायचा. एका केबलवर दोन पॉइंट, नाहीतर एका केबलवर कॉम्प्युटर आणि फोन, ही तेव्हाची काटकसर होती आणि १०० मेगाबिटला ती पूर्ण चालायची. फक्त ती कुठे लिहून ठेवली नाही. पेटीवरच्या लेबलाची बॉलपेनची शाई उडाली, तो माणूस दुसऱ्या कामाला गेला, आणि मागे राहिली ‘केबल जुनी झालीय’ एवढीच कीर्ती.

खरं तर त्याच तारेत बरंच काही शिल्लक असतं. कॅट ही केबलची प्रतवारी, आणि ही तार कॅट फाइव्ह-ई, म्हणजे १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासून दिलेली. गिगाबिट प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी चिन्हं पाठवतं आणि त्याला साडेबासष्ट मेगाहर्ट्झच पुरतात. उरलेली जागा कितीतरी वर्षं भिंतीत नुसती पडून होती. तिच्याकडे लक्ष वेधलं ते वाय-फायने, हा त्यातला विनोद. तारा नकोत म्हणून आणलेला वाय-फाय २०१४-१५ च्या सुमारास इतका वेगवान झाला की एका अ‍ॅक्सेस पॉइंटला मागून येणारी गिगाबिटची तार अपुरी पडू लागली. पुढची पायरी दहा गिगाबिट. ती २००६ पासून तयार होती, पण तिला ४०० मेगाहर्ट्झ हवेत. कॅट सिक्स-एवर ती १०० मीटर जाते, कॅट सिक्सवर फार तर ५५ मीटर, आणि कॅट फाइव्ह-ईसाठी ती बनवलेलीच नाही. जगभरच्या भिंती फोडणार कोण? मग काहींनी उलटा विचार केला: दहा गिगाबिटचंच तंत्र घ्यायचं आणि चालवायचं हळू. पाव वेगाने चालवलं तर सेकंदाला २० कोटी चिन्हं, १०० मेगाहर्ट्झ, अडीच गिगाबिट: नेमकं कॅट फाइव्ह-ईच्या मापाचं. अर्ध्या वेगाने चालवलं तर २०० मेगाहर्ट्झ, पाच गिगाबिट, कॅट सिक्सच्या २५० मध्ये आरामात. सप्टेंबर २०१६ मध्ये याचं ८०२.३बीझेड हे मानक मंजूर झालं. अडीच गिगाबिट कॅट फाइव्ह-ईवर पूर्ण १०० मीटर, पाच गिगाबिट कॅट सिक्सवर पूर्ण १०० मीटर. कापड बघून सदरा बेतावा तसं हे मानक तारेकडे बघून बेतलेलं आहे, आणि मला ते दहा गिगाबिटपेक्षा जास्त आवडतं.

पण कागदावरचा हा हिशेब तार धड असेल तरच. म्हणून स्विच विकत घेण्याआधी शिडी घ्यावी. केबलच्या आवरणावर काय छापलंय ते टॉर्च मारून वाचावं: कॅट किती, तारेची जाडी किती, आणि दर मीटरला छापलेला वाढता आकडा. रॅकपाशी १८७ आणि टेबलापाशी १४१ असेल तर मधे ४६ मीटर आहेत, वेगळं मोजायला नको. भिंतीतली तार ९० मीटरच्या आत आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड, म्हणजे यंत्राला जोडायच्या सुट्या केबली, मिळून १० मीटर, ही मर्यादा. एका मजल्याच्या कचेरीत ती क्वचितच ओलांडली जाते, आणि हीच आपली जमेची बाजू. मग टोकं. २४ पॉइंटच्या कचेरीत ४८ टोकं आणि ४८ पॅच कॉर्ड, आणि बिघाडातला मोठा वाटा या शहाण्णव वस्तूंमध्ये असतो. पॅच कॉर्ड सरसकट बदलाव्यात. खुर्चीच्या चाकाखाली आलेली, क्लिप तुटलेली, कागद चिमटून घट्ट केलेली कॉर्ड जपून ठेवण्यात काटकसर नाही. जॅकवर तारा बसवताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलायचा नाही. म्हणजे करंगळीच्या नखाएवढाच. ‘नीट दिसावं’ म्हणून दोन-दोन इंच सरळ केलेल्या तारा गिगाबिटला कशाबशा चालल्या असतील, अडीचला त्या नडतात. पंचिंग टूलची कापणारी बाजू जॅकच्या बाहेरच्या अंगाला हवी, उलटी धरली तर टक् असा तोच समाधानकारक आवाज येतो आणि चालती तारच कापली जाते.

टोकच का जातं, यालाही कारण आहे. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यावर ठोके देत माठारकाम चालतं. त्या ठोक्यांनी तांबं ताठ होतं, आणि घडवताना फार ताठ झालं की ते तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. भिंतीतली एकसंध तार हे मऊ केलेलं तांबं. पेटी उघडली, जॅक ओढला, वाकवला, परत दाबला, की प्रत्येक वेळी तेच तांबं त्याच जागी थोडं ताठ होतं. तापवून मऊ करायला तिथे तांबट नसतो. आठ-दहा वेळा झालं की आवरणाच्या आत तार तुटते, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून टोक नव्याने बसवताना जुनं ताठ झालेलं इंचभर कापून टाकावं. मागे ढील ठेवली असेल तर मागच्या माणसाचे आभार मानावेत. भिंतीतल्या तारेला थेट प्लग क्रिम्प करून, म्हणजे चिमट्याने दाबून बसवून, स्विचमध्ये खुपसण्याची आपल्याकडची पद्धतही याचमुळे धोक्याची. बाजारातले बरेच प्लग बारीक पदरी तारेसाठी असतात, एकसंध तारेवर त्यांची पकड पुढे सैल पडते.

सगळ्यात फसवा दोष मात्र वेगळाच. क्रिम्प करणारा माणूस रंग सरळ क्रमाने लावतो: नारिंगीची जोडी एक-दोनवर, हिरवीची तीन-चारवर, निळीची पाच-सहावर, तपकिरीची सात-आठवर. दोन्ही टोकांना तसंच. काही शे रुपयांचा टेस्टर लावला की एक ते आठ दिवे ओळीने लागतात, माणूस खूश. पण इथरनेटची दुसरी जोडी तीन आणि सहा नंबरवर असते. म्हणजे आता तिची एक तार हिरव्या पिळातली आणि दुसरी निळ्या पिळातली. ज्या पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडून आपोआप वजा होतो, तो पीळच उरला नाही. अशी तार दोन-चार मीटर असेल तर चालते, वीस मीटरला अडखळते, आणि दिवेवाला टेस्टर शेवटपर्यंत आठही दिवे लावून दाखवतो. डोळ्यांनी प्लग बघणं हाच इलाज. निळी जोडी मधोमध, चार-पाचवर, आणि हिरवीच्या (दुसऱ्या मान्य पद्धतीत नारिंगीच्या) दोन तारा तिच्या दोन बाजूंना. हे दिसलं नाही तर कापून परत करायचं.

चाचणीही लोक चुकीची घेतात. एक पॉइंट निवडायचा, एका टोकाला अडीच गिगाबिटचा यूएसबी अडॅप्टर, दुसऱ्या टोकाला तशाच वेगाचं मशीन, आणि अर्धा तास आयपर्फ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवायचं, दोन्ही दिशांनी. इथवर सगळं बरोबर. पण तेवढ्यावर थांबणं म्हणजे रिकाम्या मंगल कार्यालयात माइक तपासण्यासारखं आहे. स्वतःच्या चार जोड्यांमधला गोंधळ चिपला निस्तरता येतो, कारण त्यात कोण काय बोलतंय हे तिला ठाऊक असतं. शेजारच्या केबलमध्ये काय चाललंय ते तिला कळायला मार्ग नाही, आणि अडीच-पाच गिगाबिटवर त्रास होतो तो या शेजाऱ्यांचा. तेव्हा खरी परीक्षा एकाच मोळीतल्या सहा-सात केबली एकदम चालवूनच होते. तशी दिवसभर चालवावी आणि संध्याकाळी स्विचवर सीआरसी चुकांचा, म्हणजे बिघडून पोचलेल्या पाकिटांचा, आकडा बघावा. शून्यावर राहिला तर उत्तम. दर तासाला वाढत असेल तर वेग कितीही छान दिसो, ती तार उद्या तक्रार करणार.

इथे एक गोष्ट मनाला लागते. ज्या रॅकचे फोटो काढावेत, जिथे चोवीस केबली भांग पाडल्यासारख्या समांतर, दर चार इंचांवर नायलॉनच्या पट्टीने आवळलेल्या, तिथेच हा शेजाऱ्यांचा त्रास जास्त. समांतर आणि चिकटून म्हणजे एकमेकांचं ऐकायला उत्तम बैठक. आणि ढगळ, एकमेकींवरून वेड्यावाकड्या गेलेल्या केबली कानाला कान लावून बसत नाहीत. ज्या कारागिराने खपून ती सुबक मोळी बांधली, त्याच्यासमोर पट्ट्या कापायला हात धजत नाही. पण कापाव्यात. रॅकपासूनचे पहिले काही मीटर मोकळे करावेत, लागलंच तर वेल्क्रो सैल बांधावा, जास्त वेगाचे पॉइंट शेजारशेजारच्या पोर्टवर न घेता लांब पसरावेत. पुष्कळदा एवढ्यानेच चुका थांबतात.

केबलिंगवाला कधीच बरोबर नसतो असं नाही. आवरण सोलून तारेवर ब्लेड हलकेच ओढावं. खालून चंदेरी दिसलं तर वाद संपला: ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की आणखी कुठलं मार्केट, कॅट सिक्सच्या ३०५ मीटरच्या खोक्याचा भाव फारच कमी सांगितला आणि खोका एका हाताने सहज उचलला गेला, तर आत बहुधा हीच. मानकात तिला जागा नाही. तिचा विजेला होणारा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, पीओईचं ओझं दिलं की ती तापते, आणि वाकवली की तांब्यापेक्षा लवकर तुटते. तिच्यावर चांगले जॅक बसवण्यात वेळ घालवू नये, ती काढावीच. जुनी कॅट फाइव्ह-ई भंगारात आणि त्या जागी नवी स्वस्त ‘कॅट सिक्स’, असा सौदा बघितला की पोटात कालवतं. भंगारवाल्याला बरोबर कळतं, दोन्हींतलं तांबं कशात आहे ते.

आणि वेग वाढवून मिळणार काय, हेही आधी ठरवावं. ३०० चं इंटरनेट ३०० च राहणार. फरक पडतो तो कचेरीतल्या कचेरीत. ४० जीबीचा प्रकल्प सर्व्हरवरून ओढायला १०० मेगाबिटवर तास लागतो, गिगाबिटवर सहा मिनिटं, अडीच गिगाबिटवर अडीच मिनिटांच्या आत. पहिली उडी फुकटची असते, कारण ती फक्त दुरुस्ती आहे. दुसरीला पैसे लागतात आणि साखळी पूर्ण हवी: स्विचला अडीचचे पोर्ट, सर्व्हरकडे जाणारा दहाचा अपलिंक, आणि सर्व्हरमध्ये तेवढ्या वेगाने वाचणाऱ्या डिस्का. एकट्या फिरत्या हार्ड डिस्कला तेवढा वेग सहसा सतत झेपत नाही. अपलिंक एकच गिगाबिटचा असेल तर चोवीस अडीचचे पोर्ट म्हणजे आठपदरी रस्ता शेवटी एका बोळात. आणि काही झालं तरी सेटिंगमध्ये जाऊन वेग हाताने ठोकून बसवू नये. ऑटोवर ठेवावं, दोन चिपांना आपसात ठरवू द्यावं.

राहता राहिली एक काळजी. कोणतीही जोडी सोडवण्याआधी ती कुठे जाते हे टोनर या तार शोधायच्या यंत्राने हुडकावं. एका टोकाला सूर सोडायचा, दुसरीकडे कांडी फिरवत ऐकायचं, पाच मिनिटांचं काम. शनिवार होता, चार वाजून गेले होते, आणि निळ्या जोडीवरची ती चिकट टेप बघून सगळ्यांनी एकमताने ठरवलं की ही लाइन मेलेलीच असणार.

टेप सोडवली, पांढऱ्या तारा मागे दुमडल्या, ताठ झालेलं इंचभर टोक कापलं, निळी चार-पाचवर आणि तपकिरी सात-आठवर. टक्, टक्, टक्, टक्. रॅकच्या टोकाला पुन्हा चार वेळा. पिवळा दिवा विझला, दोन सेकंद काहीच नाही, मग हिरवा. भिंतीतली तार तीच, पंधरा वर्षांची. वाय-फायवर आकडा थेट २९० च्या पुढे गेला, सर्व्हरपर्यंत तारेवर मोजला तेव्हा ९४१. पिशवीतून आणलेला अडीच गिगाबिटचा छोटा स्विच दोन टोकांच्या मधे लावून बघितला: २,३५०. केबलिंगवाला बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “ह्यावर तरी चहा पाहिजे.” मालकांनी हसत टेबलावरचा इंटरकॉम उचलला, पँट्रीचा नंबर दाबला, कानाला लावला, परत दाबला.

इंटरकॉम मुका होता.